तुर्भ्याचं फियाट गॅरेज: आधी साल, मग पाना

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून तुर्भे एमआयडीसीत आत वळलं की पत्र्याच्या शेडच्या रांगेत हे गॅरेज लागतं. पाटी नाही, जाहिरात नाही. दारात उभ्या असलेल्या पद्मिन्यांवरून ओळखायचं. काम फक्त फियाट ११०० घराण्याचं, पन्नाशीच्या दशकातल्या 'डुक्कर' फियाटपासून शेवटच्या पद्मिनीपर्यंत. अँबॅसिडर घेत नाहीत, जीप घेत नाहीत. त्यातही दोन प्रकार. एक, गाडी कारखान्यातून निघाली होती तशी परत उभी करणं. दुसरा, जुन्या पठडीनं ट्यून केलेली, म्हणजे जास्त पळावी म्हणून इंजिनात फेरफार केलेली फियाट, आपल्याकडची हॉट रॉडच म्हणा. ऑइल बदलणं, ब्रेक घट्ट करणं असल्या किरकोळ कामांसाठी इथे जाऊ नये. नाही म्हणत नाहीत, पण गाडी आठवडाभर कोपऱ्यात पडून राहते.

गाडी आत घेण्याआधी मालकाचा प्रश्न ठरलेला: "आरसी दाखवा. साल कुठलं?" नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, कागदपत्रं तपासतायत. तसं नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी नावं बदलत निघत राहिली. पन्नाशीच्या दशकातली मिलेचेंतो, जिचं मुंबईकरांनी डुक्कर फियाट करून टाकलं. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट. १९६४ला डिलाइट, १९७२च्या सुमारास प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी. लांबून डिलाइट आणि पद्मिनी सारख्याच दिसतात. जवळ गेलात की ग्रिल वेगळी, दिवे वेगळे, आतली सजावट वेगळी. जुन्या गाडीत डायनॅमो, पुढच्या काळात अल्टरनेटर. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर, तो शेवटच्या काळातल्या एस-वन या मॉडेलमध्ये खाली जमिनीवर आला. 'फुल रिस्टोर्ड' म्हणून विकायला आलेल्या गाड्यांत कित्येकदा १९६६च्या सांगाड्यावर १९८५ची ग्रिल आणि आत नव्वदच्या दशकातला दांडा असतो. रंग नवा असतो, म्हणून चालून जातं. जाणकारानं बॉनेट उघडलं की चालत नाही.

इथे आधी यादी बनते. काय मूळचं आहे, काय बदललंय पण त्याच काळातलं आहे, आणि काय नंतर घुसवलंय, असे तीन रकाने. प्रत्येक वस्तूचा फोटो, खाली गिऱ्हाइकाची सही. काम संपल्यावर हीच यादी बिलासोबत परत मिळते आणि नवीन घातलेल्या प्रत्येक वस्तूसमोर ती मूळची, जुन्या साठ्यातली की आजची, हे लिहिलेलं असतं. नवी मुंबईत एवढी लिखापढी करणारं दुसरं फियाटचं गॅरेज निदान आमच्या पाहण्यात नाही, आणि या गॅरेजला चांगले गुण द्यायचं पहिलं कारण हेच.

ही शिस्त कॅलिफोर्नियातल्या जुन्या पठडीच्या हॉट रॉडवाल्यांचीही आहे. तिथली पोरं तीसच्या दशकापासून स्वस्तातली जुनी फोर्ड घेऊन, मडगार्ड उतरवून, इंजिन चढवून मुरॉक आणि एल मिराजसारख्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाटीवर पळवत. त्यांची एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना १९३७ सालची. १९३२ची फोर्ड, तिच्या २२१ घन इंचांच्या आणि ६५ अश्वशक्तीच्या फ्लॅटहेड व्ही-एट इंजिनासकट, या छंदाची कुलदेवता. पठडी पाळणारा माणूस आधी एक साल ठरवतो. समजा १९४९. मग तीसच्या दशकातल्या फोर्डवरचा स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर चालतो, दोन लावले तरी चालतात. फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक १९३९ला आणले. ते बत्तीसच्या गाडीला लावलेले चालतात, कारण तेव्हाची पोरंही भंगारातून तेच काढून लावत होती. पण १९५५चं शेवरलेचं स्मॉल-ब्लॉक इंजिन घातलं की गाडी १९४९ची उरत नाही, मग क्रोम कितीही लखलखू दे. कसोटी 'मूळ काय होतं' एवढीच नसते. त्या साली, त्या खिशाच्या माणसाला काय मिळत होतं आणि त्यानं काय केलं असतं, हे बघायचं.

तुर्भ्यात ट्यून केलेल्या फियाटला हीच कसोटी लावतात. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर पळणाऱ्या फियाटचा मिस्त्री जे लेथवर आणि हातानं करू शकला असता तेच. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) घासणं, दोन कार्बोरेटर, एक्झॉस्टचा मोकळा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना जोडणारी नळ्यांची जुडी), थोडी खाली बसवलेली गाडी. फ्यूएल इंजेक्शन नाही, अलॉय व्हील नाही, मारुतीचं इंजिन तर नाहीच. आणि यात इटलीचाही आधार आहे: फियाटनं स्वतः १९५३ साली या ११००ची 'टीव्ही' (तुरिज्मो वेलोचे) नावाची ५० अश्वशक्तीची आवृत्ती काढली होती.

आता इंजिन, कारण इथली खरी कमाई तिथे आहे.

आपल्याकडची ११०० म्हणजे १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी. इटलीतली ११००-डी मात्र ७२ मिमी बोअरची, १२२१ सीसी. दोन्ही गाड्यांचे सुटे भाग ऑनलाइन 'फियाट ११००-डी' याच नावानं विकले जातात. लोक युरोपातून पिस्टनचा सेट मागवतात, कस्टम भरतात, आणि खोकं उघडल्यावर कळतं की पिस्टन ४ मिमीनं मोठे आहेत. ब्लॉक तेवढा बोअर करायला जाऊ नका. इथे नियम सोपा आहे: पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला जात नाही. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून त्यावर सिलिंडरचा नंबर टाकतात, मग पावणे एमआयडीसीतल्या मशिन शॉपमध्ये त्याच नंबरानं बोअरिंग आणि होनिंग (आतली बारीक घासाई) होतं. परत आल्यावर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजतात. पिस्टनच्या रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, बोअरच्या दर १०० मिमीला ०.३ ते ०.४ मिमी या हिशेबानं ठेवतात, म्हणजे फियाटला ०.२ ते ०.२७ मिमी. रिंग नुसती बोटानं ढकलून गॅप बघितला तर ती तिरकी बसते आणि माप चुकतं. पिस्टननंच ढकलून सरळ बसवायची. साधी गोष्ट, पण बऱ्याच ठिकाणी होत नाही.

हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि ब्लॉक बिडाचा. त्यात टॅक्सीवाल्यांनी, आणि खरं सांगायचं तर घरच्या गाड्यांनीही, वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरवेलचं पाणी ओतलं. परिणाम म्हणजे पाण्याच्या भोकांभोवतीचं अॅल्युमिनियम खाल्लेलं, गॅस्केटखाली खड्डे. काळी-पिवळीतून आलेल्या हेडचं आणखी एक दुखणं असतं, ते म्हणजे सीएनजी. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटा आत बसत जातात. विकणारा हेड वायर ब्रशनं चकाचक करून देतो, तेव्हा आधी व्हॉल्व्ह किती खोल गेलेत ते बघावं. इथे ते डेप्थ गेजनं बघतात आणि सीट पार गेली असेल तर नवीन बसवतात. खड्डे आर्गन वेल्डिंगनं भरतात. त्याआधी हेड धुऊन भट्टीत तापवून घ्यावं लागतं, नाहीतर धातूत मुरलेलं तेल वर येऊन वेल्ड सच्छिद्र होतो. वेल्डनंतर डाय पेनिट्रंट (भेगांत शिरणारा रंग) मारून तडे बघतात, मग फेसिंग. स्ट्रेट एज आडवी-तिरकी ठेवून खालून ०.०५ मिमीचं फिलर पातं सरकलं तर हेड परत मशिनवर.

ट्यूनिंगवाल्या गिऱ्हाइकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हेड घासण्याबद्दल असतो. "अर्धा मिलिमीटर घासा, गाडी उडेल." इथे उत्तर म्हणून टेबलावर ब्युरेट (मापाच्या खुणांची काचेची नळी) येते. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले, कडेला ग्रीस, वर भोक पाडलेली अॅक्रिलिकची जाड काच, आणि भोकातून रॉकेल सोडत चेंबर (इंधन जळण्याची पोकळी) भरायचं. बुडबुडा उरला की माप चुकलं, म्हणून हेड एका बाजूला किंचित उचलून ठेवलेलं. चारही चेंबरचे आकडे खडूनं हेडवरच लिहितात. मग गणित. एका सिलिंडरचं स्ट्रोकभर घनफळ २७२ सीसी. मूळ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) ७.५ धरलं तर वर उरलेली जागा साधारण ४२ सीसी. ६८ मिमीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंमी, म्हणजे अर्धा मिलिमीटर घासल्यावर फार तर १.८ सीसी कमी होतात आणि कॉम्प्रेशन ७.८वर जातं. चेंबर बोअरपेक्षा लहान असल्यानं खरं तर त्याहूनही कमी. ८.५ हवं असेल तर दीड मिलिमीटरहून जास्त घासावं लागेल, आणि जुन्या, आधी दोनदा फेसिंग झालेल्या हेडमध्ये तेवढं मांस शिल्लक नसतं. बरं, घासलं की पुशरॉड (रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्या) तेवढ्यानं लांब पडतात. टॅपेट फिरवून क्लिअरन्स जुळतो, पण फार घासलं असेल तर स्क्रूची फिरत पुरत नाही. मग रॉकरच्या खुरांखाली शिम (पातळ चकती) द्यायचा, तो इथे लेथवर बनवतात. चारही चेंबर सारखे करणं हे घासण्यापेक्षा जास्त कामाचं, असं यांचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर आहे. चेंबरमध्ये दोन-दोन सीसीचा फरक असला तर इंजिन मंद गतीवर कधीच सुरेल चालत नाही.

दोन कार्बोरेटरच्या कामात मात्र हात थोडा सैल आहे. मॅनिफोल्ड स्वतः वेल्ड करून बनवतात, छान बनवतात, आतला सांधा फाईलनं गुळगुळीत करतात. दोन्ही सोलेक्स कार्बोरेटर एकाच नंबरचे, आत एकाच मापाचा चोक ट्यूब (हवेचा घसा) आणि जेट (इंधन मोजून सोडणारं भोक), हेही तपासतात. पण थ्रॉटलच्या शाफ्टला झिजून खेळ आला असेल तर तो बुश घालून काढायचा असतो, तिथे घाई होते. शाफ्टमधून हवा ओढली जात असेल तर दोन कार्बोरेटरचा मेळ बसणारच नाही, कितीही स्क्रू फिरवा. गाडी ताब्यात घेताना इंजिन आयडलवर ठेवून शाफ्टच्या दोन्ही टोकांना कार्बोरेटर क्लीनरचा एकेक फवारा मारून बघा. इंजिनाचा आवाज बदलला की गाडी तिथेच सोडून या. दुसरं, मोठ्या चोक ट्यूबचा मोह टाळा. १०८९ सीसीला दोन मोठे घसे दिले की वरच्या गतीला मजा येते आणि ऐरोली पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम जातो.

पेट्रोलचा विषय वेगळा. आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनी रबरी नळी, पंपाचं डायाफ्रॅम, कॉर्कची गॅस्केट इथेनॉलला टिकत नाही. रबर फुगतं, मग भुगा होऊन जेटमध्ये अडकतं. इथे नळ्या आणि डायाफ्रॅम इथेनॉलला चालणाऱ्या रबराच्या घालतात आणि यादीत 'आजचं' म्हणून लिहितात. मिश्रणही पातळ होतं. साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२०ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे इंधन सुमारे ८ टक्के जास्त हवं. जेटच्या भोकाचा व्यास साधारण ४ टक्क्यांनी वाढवायचा: मुख्य जेट १२० असेल तर १२५. हे न करता गाडी पळवली तर ती तापते, चढावर आचके देते, आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरला जातो. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची टॅक्सीवाल्यांची रीत इथे पाळत नाहीत, परत बसवतात. थर्मोस्टॅट नसेल तर पावसाळ्यात इंजिन कधी नीट तापतच नाही, मग ऑइलमध्ये पाणी साठतं आणि झाकणाखाली पांढरा चिखल दिसतो.

पत्र्याचं काम बघायला मात्र मुद्दाम जावं. फियाटला वेगळी चासी नाही, सगळा सांगाडाच पत्र्याचा. खाडीची हवा आणि चार महिने पाऊस यांत तो ठरलेल्या जागी सडतो: दाराखालची पेटी (सिल), जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानींच्या आतला कोपरा, डिकीची जमीन, आणि काचेखाली जिथे पानं साठून पाणी तुंबतं ती खाच. इथे आधी जुना रंग केमिकलनं काढतात. सँडब्लास्टिंग फक्त जाड भागांना. बॉनेट-दारांना मारलं तर पातळ पत्रा तापून लाटा येतात, आणि चासी नंबरावर मारलं तर आयुष्यभराची आरटीओची वारी. नंबरावर पेन्सिलचा ठसा घेऊन मगच तिथे टेप लागते. सडलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापून २० गेजचा पत्रा जोडतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड ओढत नाहीत. थोड्या थोड्या अंतरावर टाके, मध्ये गार होऊ देणं, मग अधलेमधले टाके. सलग ओढलं तर पत्रा आकसतो आणि दाराची फट वर-खाली वेगळी होते. सिल कापण्याआधी आत दाराच्या चौकटीला आडवे-तिरके पाइप टाकून ठेवतात, नाहीतर सांगाडा मध्येच बसतो आणि नंतर दार लागत नाही.

सांध्यांवर पुट्टी फासण्याऐवजी शिसं भरणारा एक वयस्कर कारागीर इथे आहे, सगळे त्यांना काका म्हणतात. जुन्या काळी सांधे असेच भरत. अमेरिकेतल्या कस्टम गाड्यांना तर यावरून 'लेड स्लेड' असं नावच पडलं. पत्रा घासून उजळ करायचा, फ्लक्स लावून आधी कथलाचा पातळ थर द्यायचा, मग ७० टक्के शिसं आणि ३० टक्के कथील असलेली कांडी. हा डाख १८३ अंशांना वितळू लागतो पण २५५च्या आसपास जाईपर्यंत पूर्ण पातळ होत नाही. मधल्या त्या टप्प्यात तो लोण्यासारखा पसरतो, आणि सगळं कसब तेवढ्या वेळात. काका एका हातानं ज्योत जवळ-लांब करतात, दुसऱ्या हातात चरबीत बुडवलेलं लाकडी थापं. ज्योत एक क्षण जास्त टेकली की सगळं ओघळून जमिनीवर. नंतर मोठ्या दात्याची फाईल, आणि फक्त फाईल. ग्राइंडर किंवा सँडर लावला की शिशाची भुकटी हवेत जाते, ती फुप्फुसात जायला नको. हे सांगावं लागतं, कारण काका स्वतः मास्क लावत नाहीत आणि शेजारी हेल्पर पोरगा चहा पीत उभा असतो. या एका बाबतीत मालकानं सक्ती करायला हवी.

रंगाला साधारण गुण. ड्युको (जुन्या पद्धतीचा, थिनर उडून सुकणारा रंग) आणि पीयू (आजचा पॉलियुरेथेन रंग) दोन्ही मारतात. काळाशी इमान राखायचं असेल तर ड्युकोच. त्याची चकाकी मऊ असते. पीयूवर साठच्या दशकातली गाडी प्लास्टिकची दिसते. पण ड्युकोला दमट हवा चालत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग ढवळा पडतो. रिटार्डर थिनर घातल्यानं थोडं सावरतं. जून ते सप्टेंबर शेडमध्ये ड्युको मारूच नये, असं आमचं मत. हे लोक गिऱ्हाइकानं घाई केली की मारतात, मग पॉलिशनं झाकायचा प्रयत्न करतात. ढवळेपणा बॉनेटच्या कडांवर आणि छपराच्या मध्यावर शोधा, तोही तिरप्या उजेडात, शेडच्या ट्यूबलाइटखाली नव्हे. रंगाची छटा बदलायची असेल तर आरसीवर तशी नोंद करावी लागते, ते विसरू नका.

वायरिंग ही इथली सर्वांत कच्ची बाजू. लुकास कंपनीच्या वायरींच्या रंगखुणा ठाऊक असूनही हाताला येईल त्या रंगाची वायर ओढतात. आज गाडी चालते. तीन वर्षांनी हॉर्न बंद पडल्यावर शोधणाऱ्याचे हाल होतात. कामाआधीच लिहून घ्या की रंग मूळ नकाशाप्रमाणे आणि प्रत्येक टोकाला नंबर. पॉइंटऐवजी (ठिणगीसाठी उघडझाप करणारा जुना संपर्क) डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक मोड्यूल लपवायचं का, हा वादाचा मुद्दा. बाजारात मिळणारे कंडेन्सर भरवशाचे राहिलेले नाहीत, ही गोष्ट खरी. इथे मोड्यूल बसवतात, पण पॉइंटची मूळ प्लेट पिशवीत घालून परत देतात आणि बिलावर नोंद करतात. परत काढता येतं आणि लपवलेलं नाही, म्हणून आम्हाला मान्य. पक्का पठडीवाला पॉइंटच ठेवील, गॅप ०.४ मिमीच्या आसपास, आणि एक जादा कंडेन्सर डिकीत.

टायर आणि ब्रेक यांबाबत इतिहासाचा फार अट्टहास करू नये. मूळचा ५.२०-१४ क्रॉस-प्लाय टायर दिसतो सुंदर, पण पावसात घोडबंदर रोडवर ब्रेक मारून बघा. रोज नाही तरी महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढणार असाल तर रेडियल घ्या आणि क्रॉस-प्लाय प्रदर्शनापुरते ठेवा. एका अॅक्सलवर एक प्रकार, दुसऱ्यावर दुसरा, असं मात्र करू नका. ब्रेक चारही चाकांना ड्रम, आणि सर्किट एकच: एक नळी फुटली की चारही गेले. त्यामुळे रबरी होज जुन्या साठ्यातला 'ओरिजिनल' मिळाला म्हणून खूश होऊ नका. पाकिटात वीस वर्षं पडलेलं रबर मेलेलं असतं, मग पाकीट कितीही अस्सल असो. गॅरेज इथे बरोबर वागतं, होज आणि व्हील सिलिंडरचे रबर आजचेच घालतं. किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) वरचे-खालचे बुशही एकाच लांब रीमरनं एका रेषेत काढतात. वेगवेगळे रीम केले की स्टिअरिंग जड होतं आणि महिनाभरात परत ठकठक.

गाडी खाली बसवताना स्प्रिंग गॅसनं तापवून दाबण्याची जुनी वाईट खोड इथे नाही. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं, ती हळूहळू बसत जाते. पुढची कॉइल कापून कमी करतात, मागे पाटा आणि अॅक्सलमध्ये ठोकळा आणि लांब यू-बोल्ट. कापल्यावर स्प्रिंग कडक होते आणि पुढच्या चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट नव्यानं करायलाच हवी, नाहीतर टायर आतून खाल्ले जातात. अर्ध्या वेढ्यापेक्षा जास्त कापू देऊ नका. सोसायटीच्या दारातला गतिरोधक सायलेन्सर घेऊन जातो.

कायद्याच्या बाबतीत मालक स्पष्ट बोलतो, ही जमेची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये तेच ठासून सांगितलं. त्यामुळे छप्पर कापून बुटकं करणं, मडगार्ड उतरवणं, दुसऱ्या गाडीचं इंजिन घालणं, या कॅलिफोर्नियाच्या करामती इथे होत नाहीत. कोणी जास्त पैसे देऊ केले तरी नाही. त्यातही गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर विचार आणखी बदलतो. जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे अशी गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे १९७०ची डिलाइट ट्यून करायला आणाल तर ही वाट स्वतःच्या हातानं बंद कराल. आमचा सल्ला: पन्नाशी गाठलेली गाडी मूळ रूपातच करा, हौस ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीवर भागवा, आणि तीही बोल्टनं लागेल आणि बोल्टनं निघेल एवढीच. टॅक्सीची किंवा सीएनजीची जुनी नोंद आरसीवर असेल तर ती आधी काढून घ्या.

सुट्या भागांची अडचण वाढतेय, त्याला गॅरेजचा इलाज नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात जो माल फिरत होता तो या टॅक्स्यांच्या जोरावरच. आता दाराचं हँडल, स्टिअरिंगवरचा इंडिकेटरचा दांडा, दिव्याची रिंग असल्या बारक्या वस्तूंनाच जास्त थांबावं लागतं. मालकाकडे स्वतःचा साठा आहे, पण तो फक्त इथे काम चालू असलेल्या गाड्यांसाठी. नुसता पार्ट विकत मागितला तर "नाही भाऊ" एवढंच उत्तर.

दरांबद्दल विचारणा होणारच. पत्रा उघडल्याशिवाय आकडा सांगत नाहीत, आणि जो फोटो बघून एकरकमी भाव सांगतो त्याच्याकडे जाऊच नये. इथे टप्पे पाडतात: उघडणं आणि यादी, पत्रा, इंजिन, रंग, जोडणी. प्रत्येक टप्प्याची मजुरी वेगळी, सामानाची बिलं वेगळी, पुढच्या टप्प्याची आगाऊ रक्कम आधीच्या टप्प्याचं काम बघून. पद्धत चांगली. तारखा मात्र पाळत नाहीत. 'गणपतीपर्यंत' म्हणाले तर दिवाळी धरा, आणि दिवाळी म्हणाले तर साल विचारून घ्या. फोन उचलत नाहीत, पण शनिवारी दुपारी समोर जाऊन उभं राहिलं की तासभर सगळं दाखवतात.

जाताना आरसीची मूळ प्रत, विम्याचा कागद, गाडीचे मिळतील तेवढे जुने घरगुती फोटो (लग्नातले, सहलीतले, बंपर आणि ग्रिल कुठली होती हे त्यातूनच कळतं) आणि डिकीची वेगळी चावी असेल तर ती न्या. गाडी टो करून आणणार असाल तर सकाळी लवकर आणा, दहानंतर एपीएमसीकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे गल्लीत टो ट्रक वळत नाही. पावसाळ्यात शेडच्या दाराशी पाणी साचतं, तेव्हा सडलेल्या जमिनीची गाडी द्यायची झाली तर ऑक्टोबरनंतरच.